योगभ्रष्टाला मिळालेले घर

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाचा एक प्रश्न येतो. मनोनिग्रहाचा विधी ऐकून झालेला आहे. मन हे वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे ही तक्रारही करून झालेली आहे, आणि तिच्यावर अभ्यास व वैराग्य ही दोन साधने भगवंतांनी सांगितलेली आहेत. तरीही अर्जुनाचे समाधान होत नाही. ३७ व्या श्लोकापासून तो विचारतो की, ज्याच्या ठिकाणी श्रद्धा होती परंतु प्रयत्न पुरा पडला नाही आणि अर्ध्या वाटेत ज्याचे चित्त ढळले, त्याची गती काय? तो इकडचाही नाही व तिकडचाही नाही असा होऊन, वाऱ्याने फाटलेल्या ढगाच्या तुकड्याप्रमाणे विरून तर जात नाही ना?

पूर्ण पतित किंवा पूर्ण सिद्ध माणसाबद्दलचा हा प्रश्न नाही. निघाला आणि घसरला, अशा माणसाबद्दलचा तो आहे. भगवंतांनी ४० व्या श्लोकात दिलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. शुभ कर्म करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही, ना येथे ना परलोकी, असा त्याचा आशय. परंतु या श्लोकात एक लहानसे संबोधन आहे आणि भाषांतर करताना ते सहज गळून जाते. तो शब्द म्हणजे ‘तात’. पार्थ, कौंतेय, भारत, महाबाहो अशी संबोधने गीतेत वारंवार येतात. ‘तात’ मात्र याच एका ठिकाणी आलेला आहे. श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात थांबून या शब्दाची फोड केली आहे. पिता पुत्ररूपाने स्वतःचाच विस्तार करतो म्हणून त्याला तात म्हणावयाचे; पुत्रही त्याचेच रूप, म्हणून तोही तात; आणि शिष्य हा पुत्रासमान, म्हणून शिष्यही तात. सारांश, घसरलेल्या माणसाची चौकशी निघताच भगवंतांच्या मुखी बापाने लेकराला हाक मारावी तसा शब्द आला. मराठीत त्याचे भाषांतर ‘बाळा’ असेच करावे लागेल.

पुढचा ४१ वा श्लोक गृहस्थाश्रमी वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावा. या योगभ्रष्टाला भगवंत कोठे पाठवितात? अरण्यात नाही, गुहेत नाही, प्रायश्चित्तस्थानीही नाही. ते त्याला घरी पाठवितात. शुचिर्भूत आणि संपन्न माणसांचे ‘गेह’, असा स्पष्ट शब्द तेथे आहे. तेथे त्याला मागील देहातील बुद्धीचा धागा परत सापडतो आणि तो पुन्हा यत्नाला लागतो, असे ४३ वा श्लोक सांगतो. पडलेल्याला पुन्हा उभे राहण्यासाठी जे दिले गेले ते एक घर आहे. मग ज्या घरी असा माणूस आजच बसलेला आहे, त्या घराचे कर्तव्य कोणते, हा विचार ओघानेच येतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, प्रस्तुत विषय तर व्यसनाचा. अफू, गर्द वा गुंगीच्या गोळ्या घेणारा कुठला योगी, की त्याला योगभ्रष्ट म्हणावे? आक्षेप योग्य आहे. परंतु ज्याने एकदा, भले चारच दिवस, श्रद्धेने ते विष सोडले आणि मग पुन्हा हात पुढे केला, त्याची अवस्था अर्जुनाने वर्णिलेल्या अवस्थेहून वेगळी कशी म्हणावी? आणि ज्याने अजून सोडलेच नाही, त्याच्यासाठी नवव्या अध्यायाचा ३० वा श्लोक आहेच. अतिशय दुराचारी माणसालाही तेथे दार बंद केलेले नाही.

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावर भिलाई-३ हे गाव आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या उजेडाभोवती देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येऊन वसली. त्यांत विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. भिलाई-३ ला लागूनच चरोदा येथे मालगाड्यांचे मोठे यार्ड आहे. तीन पाळ्यांचे जीवन असे आहे की, कोणाची रात्र तर कोणाचा दिवस. याच परिसरात महाभारत हे पंडवानीच्या रूपाने तंबोऱ्यावर गाऊन, अभिनय करून सांगितले जाते. पंडवानीला जगभर नेणाऱ्या तीजनबाई जवळच्याच गनियारी गावच्या. अर्जुनाचे गाण्डीव कसे गळाले हे तेथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

अशा गावात एक घर कल्पावे. वडील तिसरी पाळी संपवून सकाळी घरी आले आहेत. तरुण मुलगा आतल्या खोलीत उताणा पडलेला आहे आणि त्याच्या घशातून घरघर येते आहे. तीन आठवड्यांपूर्वीच तो एका केंद्रातून ‘बरा होऊन’ परतलेला आहे. आई दारात उभी राहून म्हणते, “अहो, हा असा का घोरतोय? ओठ बघा कसे काळसर दिसताहेत.” वडील थकलेले असतात, शेजारच्यांच्या कानावर काही जाऊ नये ही चिंताही त्यांना असते. ते म्हणतात, “झोपू दे त्याला. जाग आली की मी बोलतो त्याच्याशी.”

या दोन वाक्यांतच त्या मुलाचे मरण आहे. आणि ही वाक्ये बोलणारे वडील दुष्ट नाहीत, उलट मुलाला झोप मिळावी असेच त्यांना वाटते. म्हणून हा विषय अज्ञानाचा आहे, आणि अज्ञान दूर करणे हे प्रवचनाचे कामच आहे.

अफूला संस्कृतात ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, म्हणतात. शब्द दिसावयास अस्सल संस्कृत दिसतो, परंतु तो मुळात अरबी ‘अफ्यून’ या नामाला चढविलेला संस्कृत वेष आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत या द्रव्याची ओळख नाही. मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत मात्र ते आहे. शार्ङ्गधराने त्याची गणना ‘व्यवायी’ द्रव्यांत केली आहे, म्हणजे आधी सर्व शरीर व्यापून टाकावयाचे आणि मग पचावयाचे. हे निरीक्षण किती सूक्ष्म होते हे आजच्या वैद्यकाने सांगितल्यावर कळते. खसखशीच्या बोंडाचा चीक ती अफू, तिच्यातून काढलेले मॉर्फिन, त्यावर प्रक्रिया केलेले हेरॉइन, त्याचेच अशुद्ध रूप म्हणजे ब्राउन शुगर किंवा गर्द, खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, वेदनेवरचे ट्रॅमाडॉल, ही सर्व एकाच कुळातील मंडळी. ती मेंदूतील ज्या स्थानांवर बसून वेदना शमवितात, तशीच स्थाने श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या भागातही आहेत. मात्रा वाढली की मेंदू श्वास घेण्याचेच विसरतो. विषाने मनुष्य तडफडतो ही सामान्य समजूत येथे खोटी ठरते. येथे मनुष्य शांतपणे, घोरत घोरत जातो आणि पाहणाऱ्याला ते सुखाचे झोपणे वाटते.

पूर्वी गिरणीत वा शेतात जाणाऱ्या गरीब बाया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवीत. मुंबईच्या गिरणगावात ही चाल सर्वत्र होती. मूल रडत नाही, गाढ झोपते, म्हणून आई निश्चिंत. काही मुले त्या झोपेतून उठलीच नाहीत. आजच्या घरातील थकलेल्या बापाची समजूत त्या आईच्या समजुतीहून फार निराळी नाही.

हा प्रश्न चार वाया गेलेल्या मुलांचा आहे असे समजण्याचेही कारण नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक असल्याचे, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना त्याबाबत मदतीची गरज असल्याचे आढळले. इतकी माणसे कोणाच्या ना कोणाच्या घरीच राहतात.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्राण आणि इंद्रिये यांच्या कलहाची कथा आहे. श्रेष्ठ कोण हे ठरविण्यासाठी वाणी वर्षभर शरीर सोडून गेली. शरीर मुक्याप्रमाणे जगले. डोळे गेले, आंधळ्याप्रमाणे जगले. कान गेले, मनही गेले, तरी जगले. शेवटी प्राण निघू लागला, तेव्हा उमद्या घोड्याने पाय बांधलेल्या खुंट्या उपटाव्यात तसे त्याने सर्वांना मुळासकट उपटले, आणि सगळी इंद्रिये त्याच्या पाया पडली. उपदेश हा वाणीचा आणि कानाचा व्यवहार आहे. प्राण निघाला असताना वाणी आणि कान यांची आराधना करीत बसणे हा क्रमभंग होय. म्हणून अशा प्रसंगी घरच्यांनी आधी श्वास पाहावा.

तो कसा पाहावा, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. मोठ्याने नावाने हाक मारावी, खांदे हलवावेत, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या सांध्यांनी जोराने घासावे. एवढ्यानेही जाग येत नसेल, श्वास फार संथ वा अडखळत असेल, घशात घरघर असेल, ओठ व नखे निळसर वा राखट झाली असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसल्या असतील, तर ती झोप नव्हे. सर्वच लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. तत्काळ १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि “माणूस शुद्धीवर नाही, श्वास नीट नाही” असे सरळ सांगावे. काय घेतले असावे याचा अंदाज असेल तर तोही सांगावा. गोळ्यांचे रिकामे वेष्टन सापडले तर ते लपवून न ठेवता बरोबर द्यावे.

वाहन येईपर्यंतचा वेळ हाच खरा धर्मकाल. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल, तर त्याला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवावा, तोंड किंचित खाली असावे. म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जात नाही. श्वास थांबत आला असेल तर उताणे करून, कपाळ मागे व हनुवटी वर करून, तोंडात काही अडकले असल्यास काढून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. दर पाच सेकंदांनी एक, आणि प्रत्येक वेळी छाती वर येते की नाही हे पाहावे. श्वास मुळीच नसेल, किंवा केवळ आचके येत असतील, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. दूरध्वनीवरचा माणूस सांगेल तसे करीत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. चौथ्या अध्यायाच्या २९ व्या श्लोकात प्राणाचे अपानात आणि अपानाचे प्राणात हवन करणाऱ्या साधकांचा उल्लेख आहे. तो प्राणायामाचा विषय आहे, त्याचा येथे बळेच अर्थ लावावयाचा नाही. तथापि स्वतःचा श्वास दुसऱ्याच्या देहात घालणारी आई त्या वेळी यज्ञच करीत असते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

जे करू नये तेही तितकेच महत्त्वाचे. मिठाचे पाणी, ताक, लिंबाचा रस, दूध यांपैकी काहीही बेशुद्ध माणसाच्या तोंडात घालू नये. ते फुप्फुसांत जाते. बोटे घालून उलटी करवू नये. दोघांनी धरून चालवू नये. थंड पाण्याच्या घागरी ओतू नयेत. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. आणि एकटे सोडून कोणाला बोलावण्यास जाऊ नये.

या विषावर एक उतारा आहे. त्याचे नाव नॅलॉक्सोन. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते तयार झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. मेंदूत ज्या आसनांवर अफू बसते त्यांवरून ते तिला उठविते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. भारतात ते मुख्यतः रुग्णालयांत इंजेक्शनाच्या रूपात असते. ज्या घरात असा धोका आहे त्या घरच्यांनी आपल्या डॉक्टरांना त्याविषयी मोकळेपणाने विचारावे, आणि ते जवळ ठेवणे व देणे शक्य असेल तर रीतसर शिकून घ्यावे. मात्र एक गोष्ट ध्यानी असावी. उताऱ्याचा प्रभाव साधारण अर्धा ते दीड तास टिकतो; विष त्याहून अधिक वेळ टिकू शकते. मुलगा उठून बसला, चिडला, “मला काही झालेले नाही” म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन निरीक्षणाखाली ठेवलेच पाहिजे. नाहीतर तासाभराने तो पुन्हा त्याच झोपेत जातो. त्याच्यासोबत मद्य किंवा झोपेच्या गोळ्या पोटात गेल्या असतील तर धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि त्यांच्यावर हा उतारा चालत नाही. ट्रॅमाडॉलच्या अतिमात्रेत झटकेही येतात.

आता लोकलज्जेचा विचार. दूरध्वनी करावयास हात उचलत नाही, याचे कारण बहुधा अज्ञान नसून “लोक काय म्हणतील” आणि “पोलीस येतील” हे असते. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अवयव गळाले, तोंड कोरडे पडले, धनुष्य हातातून निसटले, उभे राहवेना. हे सर्व दोन सैन्यांच्या मध्ये, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. भगवंतांनी रथ बाजूला नेऊन पडदा सोडला नाही. तेथेच, सर्वांसमक्ष, त्यांनी त्याच्याशी बोलणे आरंभिले. ज्याच्या सारथ्याला लाज वाटली नाही त्या योद्ध्याची कथा घरोघर वाचावयाची, आणि आपल्या मुलाच्या खोलीला बाहेरून कडी घालावयाची, हे विसंगत आहे. कायद्याचे म्हणाल तर, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे ६४-अ हे कलम वाचावे. अल्प प्रमाणातील पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्याखालील व्यसनी मनुष्य स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. अर्धवट उपचार सोडल्यास ते संरक्षण जाऊ शकते. कायद्यानेही रुग्णाला विक्रेत्यापासून वेगळे मानले आहे.

येथपर्यंत एका रात्रीचा विचार झाला. परंतु दृष्टांतातील मुलगा ‘बरा होऊन’ परतलेला होता, ही गोष्ट पुन्हा उचलली पाहिजे, कारण सहाव्या अध्यायाचा मर्मभाग येथे आहे. भगवंत सांगतात की, घसरलेल्याची पूर्वीची कमाई वाया जात नाही. तो जेथे सोडले तेथून पुढे चालू लागतो. मनाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. ज्याने सहा महिने व्यसन सोडले होते त्याला दुसऱ्या वेळी सोडताना ते सहा महिने उपयोगी पडतात. परंतु देहाचा हिशेब उलटा आहे. नित्य सेवनाने शरीराला विष सोसण्याची जी सवय झालेली असते, ती सोडल्यावर काही दिवसांतच ओसरू लागते. मन मात्र जुन्या मात्रेची आठवण ठेवते. म्हणून केंद्रातून, तुरुंगातून, रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत घातक होत. त्या दिवसांत जुन्या प्रमाणात एकदाच घेतले तरी ते प्राणांतिक ठरते. मनाची कमाई टिकली, देहाची सहनशक्ती गेली. या दोहोंच्या फटीतून माणूस निसटतो.

हे घरच्यांनी जाणले पाहिजे आणि त्या मुलालाही सांगितले पाहिजे. “तू पुन्हा घेशील” असे टोचून नव्हे. चुकून घसरलास तर एकटा, कडी लावून, दारू वा झोपेच्या गोळ्यांच्या जोडीने तरी नको, आणि घडलेच तर लगेच सांग, असे. हे सांगणे म्हणजे व्यसनाला संमती नव्हे. ज्या घरात घसरल्याचे सांगता येते तेच ४१ व्या श्लोकातले गेह. सहाव्याच अध्यायाच्या पाचव्या श्लोकाचा आधार घेऊन पुष्कळ गृहस्थ म्हणतात की, ज्याने त्याने स्वतःचा उद्धार करावा, दुसरा काय करणार? श्लोक खरा आहे. परंतु त्याच अध्यायात पडलेल्याला घर मिळाल्याचे सांगितले आहे, आणि तो श्लोक सांगणारा स्वतः दुसऱ्याच्या रथावर लगाम धरून बसलेला होता. अर्जुनाचे धनुष्य त्याने स्वतः उचलले नाही, हेही तितकेच खरे.

उपचारांच्या बाबतीत दोन भ्रम फार रूढ आहेत. पहिला असा की, पोराला खोलीत कोंडावे, बांधावे, चार तडाखे द्यावेत, आठ दिवस तळमळेल आणि सुटेल. अचानक सोडल्यावर अंग ठणकते, नाक-डोळे वाहतात, जांभया, जुलाब, उलट्या, अनिद्रा होते; आणि ते आठ दिवस संपताच देह वर सांगितलेल्या घातक अवस्थेत येतो, पण आजार तसाच राहतो. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या, सहाव्या व एकोणिसाव्या श्लोकांत देहाला आंधळेपणाने पीडा देणाऱ्या तपाला आसुरी आणि तामस म्हटले आहे. स्वतःच्या देहाची पीडा जर तामस, तर मुलाच्या देहाची ती कशी सात्त्विक होईल? व्यसनमुक्तीच्या पाट्या लावून साखळ्या आणि मारझोड चालविणारी ठिकाणे देशात नाहीत असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आहेत आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. केंद्राची निवड करताना तेथे डॉक्टर केव्हा येतात, घरच्यांना भेटू देतात की नाही, घरी परतल्यावर पुढे काय करतात, हे तीन प्रश्न तरी विचारावेत.

दुसरा भ्रम असा की, औषध घेऊन व्यसन सोडणे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे. अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित देतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतूनही ही सोय देशात आहे. त्यांनी तळमळ थांबते, सुईची देवघेव थांबते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि अतिमात्रेने मरण्याचा धोका पुष्कळ घटतो. हे औषध महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालते. मधुमेही गृहस्थ रोज गोळी घेतो त्याला कोणी संयमहीन म्हणत नाही. सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकातील ‘युक्त’ या शब्दाचा अर्थ मोजका, योग्य, जुळलेला असा आहे; काहीच न घेणे असा नाही. घरच्यांच्या आग्रहाने हे औषध मध्येच तोडू नये.

महाराष्ट्राला या वाटेचा अनुभव आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांत गर्द शिरला. अनिल अवचटांनी त्या मुलांत फिरून लेख लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे यांनी ते लेख वाचले, त्यांना राहवले नाही, आणि त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तेथे रुग्णावर हात उगारला जात नाही. पूर्वी स्वतः रुग्ण असलेले कार्यकर्ते नव्या रुग्णाजवळ बसतात. पत्नींसाठी आणि आई-वडिलांसाठी बैठका होतात. आणि घसरून पुन्हा आलेल्याला पुन्हा घेतले जाते. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम चालू आहे.

पण भिलाई-३ च्या आईने पुण्याची वाट धरण्याची गरज नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. जवळचे मान्यताप्राप्त केंद्र कोठे आहे हे तेथे विचारता येते. मन खचले असेल, मुलाचे असो वा आईचे, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते. दुर्गचे जिल्हा रुग्णालय, भिलाईच्या सेक्टर ९ मधील कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आणि रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही सर्व तासा-दीड तासाच्या अंतरात आहेत. प्रथम मानसोपचार विभागात जाऊन विचारावे. मुलगा येण्यास तयार नसेल तर आई-वडिलांनी एकट्याने जावे. सल्ला घेण्यास रुग्ण सोबत असलाच पाहिजे असे नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती देवघराशेजारच्या कपाटाविषयी आहे. कर्करोगाने पीडित आजोबांसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलेले असते. वरील सर्व वाचून कोणी घाबरून ते बंद करील, तर तो मोठा अपराध होईल. वेदनाग्रस्त वृद्धाला डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत दिलेले मॉर्फिन हे व्यसन नव्हे. अशा रुग्णांना ते सुलभ व्हावे म्हणूनच २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मात्र त्या गोळ्या कुलुपात ठेवाव्यात, मोजून ठेवाव्यात, किल्ली एकाच माणसाकडे असावी. नातवाच्या कंबरदुखीवर किंवा शेजारणीच्या गुडघ्यावर त्यांतली अर्धी गोळीही देऊ नये. त्वचेवर लावावयाच्या वेदनाशामक चिकटपट्ट्या काढल्यावरही त्यांत औषध शिल्लक असते. ती रांगत्या मुलाच्या हाती लागली तर त्याचा श्वास थांबू शकतो, म्हणून ती चिकट बाजू आत करून दुमडावी आणि डॉक्टर सांगतील तशी नष्ट करावी. आजोबा गेल्यावर तेरा दिवसांच्या गडबडीत ते कपाट तसेच उघडे राहते. उरलेल्या गोळ्या त्याच दिवसांत मोजून, ज्या रुग्णालयातून आणल्या तेथे विचारून परत कराव्यात.